आठशे मुलांत तिचंच नाव कसं?

प्रश्न : माझी भाची सिडनीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात आठशे मुलं. चौथ्याच आठवड्यात तिला सरांचा ईमेल आला, तोही नावानिशी. ‘दोन प्रॅक्टिकलना तू दिसली नाहीस, चाचणीत रसायनशास्त्रातली मोलची गणितं चुकली आहेत, गुरुवारी दुपारी शंकांचा तास असतो, तिथे ये.’ पोरगी घाबरली. एवढ्या गर्दीत सरांना हे कळलं कसं? कुणी तिच्यावर पाळत ठेवून आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सरांना ती बहुधा चेहऱ्यानंही ठाऊक नसेल. तरीही पत्र त्यांनीच लिहिलंय. यातली गंमत समजली की भीती निम्मी उतरेल.

आपल्याकडे कॉलेजात डिफॉल्टर लिस्ट लागते. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही की नाव नोटीस बोर्डावर, मग आईवडिलांना घेऊन विभागप्रमुखांसमोर उभं राहायचं. ही यादी लागते तोवर सत्र संपत आलेलं असतं आणि तिच्यात मुलाला काय अडलं, याचा पत्ता नसतो. तुमच्या भाचीला आलेला ईमेल म्हणजे तीच यादी, फक्त वेळेवर, खासगीत आणि कारणासकट.

सिडनी विद्यापीठात डॅनी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012च्या सुमारास असं एक साधन उभं केलं. नाव एसआरईएस. भाचीला आलेलं पत्र त्यातूनच आलं असेल असं नाही, पण पद्धत हीच. प्रॅक्टिकलची हजेरी, चाचणीचे गुण, कधी शिक्षकाची एखादी नोंद, असं सगळं एका तक्त्यात येतं. शिक्षक पत्राचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी लिहितात आणि प्रत्येक तुकड्याला अट लावतात. दोन प्रॅक्टिकल बुडाली असतील तर हे वाक्य, मोलच्या प्रश्नाला निम्म्याहून कमी गुण असतील तर ते. सगळं नीट जमलेल्याला फक्त शाबासकी. वीसेक वाक्यं लिहिली की आठशे वेगवेगळी पत्रं तयार होतात. म्हणजे अटी सरांच्या, शब्द सरांचे, टपालखातं यंत्राचं.

आता ही माहिती एकत्र येते कुठून? विद्यापीठाचा अभ्यास मूडल, कॅनव्हास, ब्लॅकबोर्ड अशा एखाद्या प्लॅटफॉर्मवर चालतो. बाहेरचं साधन त्याला जोडायचं तर पूर्वी प्रत्येक वेळी वेगळी खटपट करावी लागे. 2010 साली एलटीआय नावाचं सामाईक मानक आलं. घरातला प्लग पॉईंट ठरावीक मापाचा असला की मिक्सर कुठल्याही कंपनीचा चालतो, तसंच. मुलीनं एकदा लॉगिन केलं की कोण, कोणत्या विषयाची, विद्यार्थी की शिक्षक, एवढं त्या साधनाला कळतं आणि तिथले गुण परत गुणपत्रकात येऊ शकतात.

पाळतीची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं ‘कोर्स सिग्नल्स’ आणलं होतं. विद्यार्थ्याला चौकातल्यासारखा लाल, पिवळा, हिरवा दिवा दिसायचा. तो ठरताना आताचे गुण धरले जात, प्लॅटफॉर्मवर इतरांच्या मानानं किती वावर आहे ते धरलं जाई आणि आधीच्या परीक्षांची पुंजीही. म्हणजे वर्गाची पायरी चढण्याआधीच थोडा रंग लागलेला! शिवाय वावर म्हणजे क्लिक. पीडीएफ एकदाच उतरवून, छापून, चार वेळा वाचणारा आळशी ठरतो आणि व्हिडिओ लावून आंघोळीला गेलेला अभ्यासू.

‘सिग्नल्स’ वापरलं जाणारे दोन किंवा जास्त विषय घेतलेली मुलं विद्यापीठात जास्त टिकतात, असा मोठा बोलबाला झाला. 2013मध्ये शिक्षण-तंत्रज्ञानाचे अभ्यासक माइक कॉलफिल्ड यांनी साधी शंका काढली : जो मुलगा मुळात टिकतो, त्याच्याच वाट्याला असे विषय जास्त येणार ना? मग त्याच क्षेत्रातल्या अल्फ्रेड एस्सा यांनी संगणकावर लुटुपुटूची मुलं घेतली, त्यांना कशीही चॉकलेटं वाटली आणि चॉकलेटांनीही मुलं ‘टिकतात’ असं दाखवून दिलं! मला हा किस्सा फार आवडतो. नव्या साधनाची टक्केवारी घेऊन कुणी दारात आलं की मला आधी ती चॉकलेटं आठवतात.

विद्यार्थ्यांची अशी माहिती कशी वापरावी, याबाबत ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीनं 2014 साली धोरणच जाहीर केलं. दिसणाऱ्या माहितीवरून विद्यार्थ्याची पुरती ओळख ठरवू नये, हे त्यातलं एक तत्त्व. माहिती गोळा करणाऱ्या प्रत्येक विद्यापीठानं ते प्रवेशाच्या अर्जावर छापायला हरकत नाही.

तेव्हा माझं मत असं : दिवा लावणं सोपं असतं. लाल दिवा बघून पुढे कुणी काय करायचं, हे ठरलं नसेल तर तो मुलाला नुसताच टोचतो. भाचीच्या पत्रात गुरुवारचा तास आहे, म्हणजे तिथे कुणीतरी बसलेलं असणार. म्हणून मला ते पत्र चांगलं वाटलं.

तिला दोन गोष्टी सांगा. आपली कोणती माहिती साठवतात आणि ती कोण पाहतं, हे विद्यापीठाला विचारता येतं, तिनं जरूर विचारावं. आणि त्या ईमेलला उत्तर पाठवावं. प्रॅक्टिकल का बुडाली, ताप होता की बस चुकली, हे तक्त्यात कुठेच नसतं. ते सरांना तिनंच कळवायला हवं, शक्यतो या गुरुवारच्या आत.