उरुसात लोळण घेणारं पोर

प्रश्न : मुलगा 2 वर्षांचा आहे. उरुसात नेलं की खेळण्यांच्या दुकानापुढे लोळण घेतो. त्याला न्यावं की नाही? – एक आई, परभणी

उत्तर : खुशाल न्यावं. परभणीतल्या तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी 2 फेब्रुवारीला सुरू होतो. पाळणे, पिपाण्या, दिव्यांचा लखलखाट बघून मोठ्यांचंही भान हरपतं, तिथे त्या जिवाचं काय!

1 ते 3 वर्षांच्या वयात असा हट्ट नेहमीचाच. इच्छा दांडगी, शब्द तोकडे आणि मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग अजून कच्चा. त्यात झोप मोडली किंवा पोट रिकामं असलं, की पिपाणीवरून रणकंदन ठरलेलं. पाच मिनिटांनी तेच पोर गालावरचे ओघळ न पुसता फुग्याकडे बघून खुदकन हसतं.

आईने दुपारची झोप आणि खाणं उरकून, गर्दी वाढण्याआधी जावं. लोळण घेतलीच तर उचलून बाजूला न्यावं, जवळ बसावं, कमी बोलावं. मारू नये, रडणं थांबवायला पिपाणीही देऊ नये, कारण रडलं की वस्तू मिळते हे मुलं झटकन शिकतात. बघ्यांची फिकीर कशाला? त्यांतल्या कित्येकांनी हेच निस्तरलंय.

मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी मात्र हवीच. चुकामूक झाली तर जवळच्या पोलिसांना गाठावं, किंवा 1098 वा 112 वर फोन करावा.