बालकांतील कृमिदंत आणि आपल्या औषधांतील शर्करा

आंबिवली-मोहने परिसरात आमच्याकडे बालके आणली जातात ती बहुधा खोकला, ज्वर किंवा अग्निमांद्य यांसाठी. दातांची तक्रार क्वचितच सांगितली जाते. तथापि वरचा ओठ उचलून पाहिल्यास दोन-तीन वर्षांच्या बालकाचे पुढचे दात काळवंडलेले आढळतात. ‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत,’ असे घरची मंडळी म्हणतात. वस्तुतः दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकावयाच्या असतात. त्या दुखू लागल्या की चर्वण, आहार व निद्रा हे सर्वच बिघडते.

शास्त्रविचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात १६ व्या अध्यायात आठ दंतगत रोगांमध्ये कृमिदंत येतो. कृष्णवर्ण, छिद्र, चलत्व, स्राव, शोथ व तीव्र वेदना ही त्याची लक्षणे होत. मधुर रसाच्या अतिसेवनाने होणाऱ्या विकारांतही सुश्रुतांनी कृमींचा समावेश केला आहे. आधुनिक मतानुसार स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स आदी जिवाणू शर्करेपासून आम्ल निर्माण करतात. तोंडातील सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे. निद्रेत लाळ कमी होते. त्यामुळे गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बालकाचे वरचे दात प्रथम किडतात. खालचे दात जीभ व लाळ यांमुळे बहुधा वाचतात.

आपली जबाबदारी

मातापित्यांना दोष देण्यापूर्वी आपण आपले औषध पाहावे. सितोपलादि चूर्णाच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते, म्हणजे निम्म्याहून अधिक. त्यात मध मिसळून दिवसातून तीन-चार वेळा, त्यातही झोपताना चाटण दिले, तर दातांवर शर्करेचा लेप राहतो. अवलेह व पाक यांचेही तेच. ग्रंथोक्त पाठ बदलण्याची आवश्यकता नाही. काळ व अनुपान यांचा मात्र विचार करावा.

चिकित्सकांसाठी

१) प्रत्येक बालकाचा वरचा ओठ उचलून पाहावा. हिरडीलगतची पांढरी खडूसारखी रेषा ही पूर्वसूचना होय.
२) गोड कल्प शक्यतो भोजनासोबत द्यावेत, नंतर पाणी पाजून दात ओल्या फडक्याने पुसावेत.
३) एक वर्षाखालील बालकास बोट्युलिझमच्या धोक्यामुळे मध देऊ नये.
४) छिद्र, शोथ वा पूय असल्यास विलंब न करता दंतवैद्याकडे पाठवावे.

औषधालयांसाठी

बालकांचे सिरप देताना वेष्टनावरील शर्करेचा उल्लेख वाचून दाखवावा. पर्याय उपलब्ध असल्यास शर्करारहित कल्प सुचवावा. रात्रीच्या मात्रेनंतर दात पुसण्याची सूचना पुडीवर लिहून द्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी व शक्यतो ५ टक्क्यांखाली ठेवण्यास सांगितले. मधही याच गणनेत येतो. दोन वर्षांपर्यंत बालकाच्या आहारात वरून साखर घालूच नये, हा सल्ला आपण बालकाचा पहिला दात येण्यापूर्वीच, उष्टावणाच्या सुमारास द्यावा.