ओळ तुझी, फाइल सगळ्यांची

पुणे

चि. ओंकार यास,


तुझी पहिली पुल रिक्वेस्ट परत आली म्हणून तू हिरमुसला आहेस, असं ताई सांगत होती. बग सुटला होता, टेस्ट पास होत्या, मग स्पेस आणि टॅबवरून टीम लीड मॅडमनी एवढं का अडावं, असं तुझं म्हणणं. मॅडमचं बरोबर आहे, आणि ते का, हे तुला नीट सांगावंसं वाटतं.

तू मुद्दाम बदललेल्या ओळी होत्या तीन. पण सेव्ह करताना तुझ्या एडिटरने सगळी फाइल त्याच्या सवयीने मांडली आणि डिफमध्ये शेकडो ओळी लाल-हिरव्या झाल्या. त्यातून खरा बदल शोधायचा कोणी? तपासणारा कंटाळतो, वरवर नजर फिरवून मंजुरी देतो आणि चुका अशाच आत शिरतात. पुढे कोणी गिट ब्लेम लावलं, तर त्या सगळ्या ओळींवर तुझं नाव दिसणार. एखादी ओळ मुळात कोणी आणि कशासाठी लिहिली, याचा मागच पुसला जाणार. म्हणून कामाचा कमिट वेगळा, फॉरमॅटिंगचा वेगळा. सगळा प्रोजेक्ट एकदा नव्याने मांडावाच लागला, तर तो कमिट ब्लेमने वगळायच्या यादीत टाकता येतो. गिटमध्ये २०१९ पासून ही सोय आहे.

मांडणी म्हणजे नुसती शोभा, असंही समजू नकोस. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमधला एक दोष उघड झाला. ‘गोटू फेल’ ही ओळ तिथे लागोपाठ दोनदा पडली होती. वरच्या इफला महिरपी कंस नव्हते, आणि दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली. वाचणाऱ्याला दोन्ही ओळी इफच्या पोटात वाटायच्या. पण सी भाषेत इंडेंटेशनला अर्थ नसतो. दुसरी ओळ दर वेळी चालायची, पुढची सहीची तपासणी गाळली जायची आणि एररची किंमत शून्यच असल्यामुळे सगळं ठीक आहे असा निकाल यायचा. एका ओळीच्या इफलाही कंस हवेत, हा नियम कशासाठी असतो ते यावरून कळेल.

आता कुठली पद्धत बरोबर, यावर तासन्‌तास काथ्याकूट करणारी माणसं तुला भेटतील. लिनक्स कर्नलमध्ये आठ अक्षरांइतका टॅब चालतो. पायथनच्या २००१ सालच्या पेप ८ या शैलीच्या नियमावलीत चार स्पेस आणि ७९ अक्षरांची ओळ सांगितली आहे. गो भाषेत गोफम्ट हा फॉरमॅटर टॅब घालतो. तिन्हीकडे उत्तम काम चाललेलं आहे. पेप ८ तर स्वतःच सांगतो की प्रोजेक्टचे स्वतःचे नियम वेगळे असतील, तर तिथे तेच पाळावेत. देश तसा वेश, एवढं लक्षात ठेव.

हे सगळं हाताने सांभाळत बसू नकोस. प्रोजेक्टची एडिटरकॉन्फिग फाइल तुझा एडिटर वाचतो ना, हे आधी बघ. टीमने ठरवलेला फॉरमॅटर, त्याच आवृत्तीचा, कमिटच्या आधी आपोआप चालेल असा हुक लाव. एखादा नियम खटकला तर तो सगळ्यांपुढे मांड. पटला तर कॉन्फिगमध्ये बदलेल आणि सगळ्यांसाठी एकदम बदलेल. आपल्यापुरता गुपचूप वेगळा चालू नकोस.

फॉरमॅटरला न जमणारं बरंच उरतं: व्हेरिएबलला नेमकं नाव देणं, फार लांबलेलं फंक्शन फोडणं, कॉमेंटमध्ये ‘काय’पेक्षा ‘का’ लिहिणं. वाद घालायचा तर तिथे घाल. तिथे तुझं मत टीमला हवंच आहे.

आज मूळ फाइल परत आण, फक्त त्या तीन ओळी बदल आणि रिक्वेस्ट पुन्हा पाठव. मॅडमना मनापासून धन्यवादही लिही. नव्या माणसाचा कोड इतक्या बारकाईने वाचणारं माणूस पहिल्याच नोकरीत मिळालं आहे, तर त्यांच्याकडून शिकून घे.

तुझा,
मामा