शेतावरील उपकरणांचा पत्ता : स्थिर कीं बदलता ?

अलीकडे विहिरीवर कॅमेरा, पंपास दुरून चालणारा स्टार्टर, बांधावर पाऊसमापक अशीं उपकरणें बसविण्याची चाल शेतकरी बंधूंत वाढत आहे. उपकरण विकणारा गृहस्थ तें बसवून देतो. परंतु कांहीं दिवसांनीं तें दुरून दिसेनासें झालें, म्हणजे "स्टॅटिक आयपी घ्या" असा सल्ला देऊन तो मोकळा होतो. हा स्टॅटिक आयपी म्हणजे काय, त्यावांचून काम भागतें कीं नाहीं, व तो घेतल्यास कोणती खबरदारी ठेवावी, हें समजून न घेतां दरमहा पैसे भरणें म्हणजे मातीची परीक्षा न करितां खत टाकण्यासारखें आहे. म्हणून या विषयाची ओळख प्रस्तुत लेखांत करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. पत्ता कोणास लागतो ?

टपालाचें पत्र जसें पत्त्यावांचून पोहोंचत नाहीं, तसाच इंटरनेटवरील निरोपही पोहोंचत नाहीं. निरोपाचे लहान लहान तुकडे करून पाठविले जातात, व प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. या पत्त्यास आयपी पत्ता म्हणतात. १९८१ सालीं ठरलेल्या व आजही चालू असलेल्या पद्धतीप्रमाणें तो चार आंकड्यांचा असतो. प्रत्येक आंकडा ० ते २५५ यांमधील असून मध्यें टिंबें देतात, जसें १९२.१६८.१.१. जो पत्ता एकदां नेमून दिला म्हणजे बदलत नाहीं तो स्थिर, बाजारांतील भाषेंत स्टॅटिक. आणि जो जोडणीच्या वेळीं तात्पुरता मिळतो व पुढें बदलूं शकतो तो बदलता, म्हणजे डायनॅमिक.

या दोहोंतील भेद एका जवळच्या दाखल्यानें स्पष्ट होईल. भिवंडी तालुक्यांत अकलोली येथें तानसा नदीच्या कांठीं उष्ण पाण्याचीं कुंडें आहेत. वज्रेश्वरीच्या दर्शनास आलेले लोक तेथें स्नानास जातात. कुंडें कोठें आहेत हें सर्वांस ठाऊक असावें लागतें. तीं रोज जागा बदलूं लागलीं तर तेथें कोणी पोहोंचणार नाहीं. परंतु येणारा यात्रेकरू काल कोणत्या खोलींत उतरला होता व आज कोणत्या, याच्याशीं कुंडास कांहीं कर्तव्य नाहीं. तो आपण होऊन येतो व स्नान करून परत जातो. सारांश, ज्याच्याकडे लोकांनीं जावयाचें त्यास स्थिर पत्ता पाहिजे. जो स्वतः दुसऱ्याकडे जातो त्याचें बदलत्या पत्त्यानें चालतें. आपला मोबाइल बाजारभाव किंवा हवामान पाहतो तेव्हां तो यात्रेकरू असतो, व म्हणूनच त्यास स्थिर पत्त्याची गरज कधीं भासत नाहीं. पुढील सर्व विवेचन या एका नियमावर उभें आहे.

२. बदलता पत्ता म्हणजे मुदतीचा खंड

बदलता पत्ता देण्याच्या रूढ पद्धतीस डीएचसीपी म्हणतात. ती १९९३ सालीं ठरविली गेली. ती खंडानें दिलेल्या जमिनीसारखी असल्यामुळें शेतकऱ्यास समजण्यास सोपी आहे. उपकरण चालू झालें कीं तें पत्ता मागतें. पत्ते वांटणारें यंत्र आपल्याजवळील मोकळा पत्ता ठराविक मुदतीनें देतें. निम्मी मुदत संपली कीं उपकरण मुदतवाढ मागतें, व ती बहुधा मिळते. उत्तर न आल्यास, मुदतीचे आठांतील सात भाग सरल्यावर, जें कोणतें वांटणारें यंत्र ऐकेल त्याच्याकडे तें मागणी करितें. मुदत पुरी संपली कीं पत्ता सोडावा लागतो.

यावरून दिसेल कीं, बदलता पत्ता रोज बदलतोच असें नाहीं. तो महिनाभर तोच राहील, व एके रात्रीं वीज जाऊन राउटर पुनः चालू झाला कीं नवा मिळेल. महिनाभर काम चाललें म्हणून तो पत्ता कायमचा, अशी समजूत करून घेण्यांत फसगत होते.

स्थिर पत्ता घेतला तरी तो आपल्या मालकीचा होत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. सात-बारावर नांव लागावें तशी त्याची नोंद आपल्या नांवें होत नाहीं. तो इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या ताब्यांत असतो. पैसे भरणें थांबविलें किंवा कंपनी बदलली कीं तो मागें राहतो.

३. सर्वांस स्थिर पत्ता कां मिळत नाहीं ?

कारण साधें आहे : पत्ते मोजके आहेत. चार आंकड्यांच्या पद्धतींत एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. १९८१ सालीं हा सांठा अपार वाटला असेल. परंतु जागतिक सांठ्यांतील शेवटचे मोठे पांच गट ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जगाच्या पांच विभागांस वांटले गेले, व कोठार रितें झालें. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचें वाटप एपनिक ही संस्था पाहते, आणि भारतांत तें काम नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेची नोंदणी-शाखा करिते.

ज्या विहिरीचें पाणी आटत चाललें तिच्यावर पाळ्या लावाव्या लागतात. तसेंच येथें झालें. एका पत्त्याआड अनेक उपकरणें बसविण्याची युक्ति १९९४ सालीं पुढें आली, आणि कांहीं पत्ते केवळ घरच्या वापरासाठीं निराळे काढण्यांत आले. १०. नें आरंभ होणारे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, व १९२.१६८ नें आरंभ होणारे पत्ते या वर्गांतील होत. ते घराघरांत पुनः पुनः वापरतां येतात, परंतु घराबाहेर त्यांस कोणी ओळखत नाहीं.

यांवर कायमचा उपाय म्हणून पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही६, निघाली आहे. तींत ३४० च्या पुढें ३६ शून्यें मांडावीं त्याहूनही कांहीं अधिक पत्ते आहेत, व भारतांतील मोबाइल कंपन्या ती मोठ्या प्रमाणावर वापरीत आहेत. तथापि पुष्कळ जुनीं उपकरणें अजून जुन्याच पद्धतीवर चालतात; आणि नव्या पद्धतींतील पत्ताही बदलूं शकतो.

४. घरचा पत्ता व बाहेरचा पत्ता

सर्वांत अधिक घोटाळा येथेंच होतो. राउटर हा वाड्याचा दरवाजा समजावा. दरवाज्याच्या आंत कॅमेरा, स्टार्टर, मोबाइल यांस राउटर स्वतः घरचे पत्ते वांटतो. दरवाज्याच्या बाहेरच्या अंगास कंपनीनें दिलेला एकच पत्ता असतो. कॅमेऱ्याचा घरचा पत्ता स्थिर करणें हें आपल्या हातचें काम आहे. राउटरच्या मांडणींत अमुक उपकरणास अमुकच पत्ता द्यावा अशी नोंद करितां येते, व तीस एक पैही पडत नाहीं. असें न करितां उपकरणांत हातानें पत्ता लिहिल्यास तोच पत्ता दुसऱ्या उपकरणास मिळून दोन्हीं अडण्याचा संभव असतो. म्हणून राउटरमधील नोंद हाच मार्ग चांगला. पैसे पडतात ते बाहेरचा पत्ता स्थिर करण्यास. विक्रेता "स्टॅटिक आयपी" म्हणतो तेव्हां तो या दोहोंपैकीं कोणता, हें प्रथम विचारावें.

५. एक उदाहरण

समजा, अकलोलीस एका शेतकऱ्याची भाताची जमीन आहे. भातानंतर तो विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला करितो, व नोकरीनिमित्त आठवड्याचे पांच दिवस ठाण्यास राहतो. मोटर चोरीस जाऊं नये म्हणून त्यानें विहिरीवर कॅमेरा लावून तो गांवच्या घरांतील इंटरनेटास जोडला. विक्रेत्यानें राउटरचा बाहेरचा पत्ता मोबाइलांत लिहून दिला. ठाण्यांतून विहीर दिसूं लागली. पुढें पावसांत वीज गेली, राउटर पुनः चालू झाला, बाहेरचा पत्ता बदलला. व मोबाइल जुन्याच पत्त्यावर हांका मारीत राहिला. कॅमेरा बिघडला नव्हता, परंतु नेमक्या त्या रात्रीं विहिरीवर कोण आलें हें मालकास पाहतां आलें नसतें.

आतां समजा, त्यानें सिमकार्डाचा राउटर लाविला. तेव्हां अडचण आणखी एक पायरी वाढते. मोबाइल कंपन्या बहुधा एकाच बाहेरच्या पत्त्याआड अनेक ग्राहकांस बसवितात. म्हणजे आपल्या राउटरच्या दरवाज्यापुढें कंपनीचा आणखी एक मोठा दरवाजा असतो, व त्याची किल्ली आपणांस मिळत नाहीं. अशा जोडणींत बाहेरून विहिरीपर्यंत जाण्यास मुळीं वाटच राहत नाहीं.

६. आपली जोडणी कोणत्या प्रकारची ?

ही परीक्षा घरींच करितां येते. राउटरच्या मांडणींत बाहेरच्या बाजूस, जेथें "वॅन" असें लिहिलेलें असतें, कोणता पत्ता आहे तो टिपून घ्यावा. नंतर त्याच जोडणीवरून आपला पत्ता दाखविणारें एखादें संकेतस्थळ उघडावें. दोन्हीं पत्ते एकच असल्यास बाहेरचा पत्ता आपल्या एकट्याचा आहे. ते निराळे असल्यास, विशेषतः वॅनचा पत्ता १०. नें आरंभ होणारा किंवा १००.६४ ते १००.१२७ यांमधील असल्यास, आपण मोठ्या दरवाज्याआड आहों असें समजावें. पहिल्या प्रकारांत राउटर बंद करून पुनः चालू करावा व पत्ता पाहावा; असें दोन-चार दिवस केलें म्हणजे तो स्थिर कीं बदलता याचा अंदाज येतो.

७. उपाय कोणता निवडावा ?

(अ) केवळ पंप चालू-बंद करावयाचा असेल तर फोनच्या हांकेनें किंवा एसएमएसनें चालणारा मोबाइल स्टार्टर पुरतो. त्याचा पत्ता म्हणजे सिमचा क्रमांक; आयपी पत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

(आ) कॅमेरा पाहावयाचा असेल तर असा घ्यावा कीं जो स्वतः आपल्या कंपनीच्या केंद्राशीं जोडला जातो, व आपला मोबाइलही त्याच केंद्राकडे जातो. येथें कॅमेरा व मोबाइल दोघेही यात्रेकरू, आणि केंद्र हें कुंड. बदलता पत्ता व सिमकार्ड दोन्हींवर हें चालतें. मात्र केंद्र बंद पडल्यास कॅमेराही दिसत नाहीं, व आपलीं चित्रें परक्या हातांतून जातात, हें जाणून असावें.

(इ) बाहेरचा पत्ता आपल्या एकट्याचा पण बदलता असेल, तर त्यास एक कायमचें नांव जोडून ठेवण्याची सोय आहे; तिला डायनॅमिक डीएनएस म्हणतात. पत्ता बदलला कीं राउटर नवा पत्ता त्या नांवापुढें नोंदवितो, व आपण नांवानेंच हांक मारितों. मोठ्या दरवाज्याआड मात्र ही सोय निरुपयोगी आहे.

(ई) स्थिर पत्ता घ्यावा तो जेथें अनेकांनीं बाहेरून आपल्या यंत्राकडे यावयाचें तेथें. उदाहरणार्थ, सहकारी संस्थेच्या हिशेबाचें यंत्र जिच्या कचेरींत असून शाखांनीं त्यास जोडावयाचें, किंवा जेथें समोरची कचेरी केवळ नोंदविलेल्या पत्त्यावरूनच प्रवेश देते. एका विहिरीवरच्या एका कॅमेऱ्यासाठीं तो घेणें बहुधा अनावश्यक खर्च होय.

८. राखणीविषयीं

पत्ता स्थिर असो वा बदलता, बाहेरून वाट उघडली कीं तिजवरून चोरही येऊं शकतो. सारे पत्ते एकामागून एक ठोठावून पाहणारीं यंत्रें इंटरनेटवर अहोरात्र चालूं असतात. २०१६ सालीं मिराई नांवाच्या घातक प्रणालीनें कारखान्यांतून आलेले सुमारें साठ ठराविक परवलीचे शब्द लावून पाहत जगभरचे असंख्य कॅमेरे व राउटर काबीज केले; आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं त्यांच्याच जोरावर अमेरिकेंतील डिन या कंपनीवर हल्ला होऊन अनेक मोठीं संकेतस्थळें कांहीं काळ बंद पडलीं. त्या उपकरणांच्या पुष्कळ मालकांचा दोष इतकाच कीं, त्यांनीं परवलीचा मूळ शब्द बदलला नव्हता. म्हणून उपकरण बसविल्या दिवशींच तो बदलावा, विक्रेत्याजवळही ठेवूं नये, व कंपनीनें दिलेल्या सुधारणा वेळोवेळीं भरून घ्याव्या. स्थिर पत्ता घेणारानें ही खबरदारी दुप्पट ठेवावी. कारण एकदां सांपडलेला त्याचा पत्ता उद्यांही तोच असतो.

शेवटीं आमचें सांगणें एवढेंच कीं, विक्रेत्यास पैसे देण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा : माझें उपकरण कुंड आहे कीं यात्रेकरू ? या प्रश्नाचें उत्तर नीट मिळालें, तर पत्ता कोणता घ्यावा हें ठरविण्यास दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे पाहण्याचें कारण उरणार नाहीं.