दोन राखाडी रंग आणि मुलांची नजर



सात रस्त्याजवळच्या आमच्या घरात हॉलला राखाडी रंग द्यायचं ठरलं. शेड कार्डवर दोन छटा शेजारी-शेजारी होत्या. मला दोन्ही सारख्याच वाटल्या. दुसरीतली मुलगी म्हणाली, "आई, हा निळा आहे." मी म्हटलं, "निळा कुठे? राखाडीच आहे." आणि तोच घेतला. रंग वाळल्यावर संध्याकाळी ट्यूब लावली, तर भिंत खरंच निळसर! वर्गात अशी किती बरोबर उत्तरं मी चूक ठरवली असतील, हे तेव्हापासून मनात घोळतंय.

बाजारातला राखाडी म्हणजे फक्त काळा अधिक पांढरा नसतो. त्यात निळा, हिरवा, पिवळा किंवा जांभळाही थोडासा असतो. हीच त्याची झाक. एकटा रंग बघितला की ती चटकन कळत नाही. पांढऱ्या कागदावर दोन्ही शेजारी ठेवा, लगेच कळते. उजेडानेही फरक पडतो. पांढरी ट्यूब साधारण 6500 केल्विनची, तिच्यात निळी झाक उठून दिसते. पिवळ्या बल्बखाली (2700 केल्विन) तीच भिंत ऊबदार वाटते. खाली शहाबादी फरशी असेल तर तिचाही परिणाम होतो बरं का.

आपलं सोलापूर कापडाचं, म्हणून ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात मिशेल शेव्ह्रल रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार आली. तपासलं तर रंग चांगलाच होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. यावरचं त्यांचं पुस्तक 1839 साली निघालं.

आता वर्गात काय करायचं? पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये थोडा काळा मिसळून दोन सारखे गोळे करा. एकात निळ्याचा थेंब, दुसऱ्यात यलो ऑकरचा. दोन पुठ्ठे रंगवा, कडेला पांढरी पट्टी सोडा, पूर्ण वाळू द्या (ओला रंग फसवतो). मग सकाळी खिडकीशी, दुपारी व्हरांड्यात आणि ट्यूबखाली मुलांना दाखवा. "कोणता रंग?" असं विचारू नका, "कशासारखा दिसतो?" असं विचारा. ढग, राख, चुलीचा धूर, जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा.

घरी रंग काढायचा असेल तर हेच पुठ्ठे हॉलमध्ये दोन दिवस टेकवून ठेवा. आमची भिंत मात्र तशीच आहे, पुढच्या दिवाळीपर्यंत.