चिमूरची कसोटी

चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या घनदाट वनापासून जवळच, चिमूर हे गाव वसलेले आहे. येथील श्रीबालाजीचे मंदिर प्रसिद्ध असून त्याच्या घोडायात्रेस आसपासच्या खेड्यांतून माणसे लोटतात. १९४२ साली ह्या जिल्ह्यास चांदा जिल्हा म्हणत आणि चिमूर वरोरा तहसिलीत मोडत असे. जवळचे मोठे रेल्वेस्थानक वरोऱ्याचे. तेथून चिमूर सुमारे ५० किलोमीटर दूर. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की रस्ता बंद पडे आणि बाहेरची वार्ता गावात उशिरा पोहोचे. अशा आडवळणाच्या गावी त्या वर्षीच्या श्रावणात जे घडले, ते नीट समजावयाचे असेल तर आधी त्या काळच्या जगाकडे दृष्टी टाकली पाहिजे.

१९३९ च्या सप्टेंबरात युरोपात दुसऱ्या महायुद्धाचा वणवा पेटला. जर्मनीचा हुकूमशहा हिटलर एकामागून एक देश गिळंकृत करीत होता. त्याच्याविरुद्ध इंग्लंडने युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी, भारतीय जनतेच्या एकाही प्रतिनिधीला न विचारता, व्हाइसरॉयने भारतही युद्धात उतरला असल्याचे जाहीर केले. ह्या युद्धाच्या काळात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. आफ्रिकेच्या वाळवंटात, ब्रह्मदेशाच्या अरण्यात व इटलीच्या डोंगरांत त्यांनी शौर्य गाजविले. आपण जगाच्या स्वातंत्र्यासाठी लढत आहोत, असे त्यांना सांगण्यात येत होते.

१९४१ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल व अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांची अटलांटिक महासागरात एका युद्धनौकेवर भेट झाली. १४ ऑगस्ट रोजी त्यांनी एक सनद प्रसिद्ध केली. आपल्यावर कोणत्या प्रकारचे राज्य असावे, हे ठरविण्याचा हक्क प्रत्येक लोकसमूहाला आहे, असे तीत म्हटले होते. भारतातील लोकांनी हे शब्द मोठ्या आशेने वाचले. परंतु ती आशा महिनाभरही टिकली नाही. ९ सप्टेंबर रोजी चर्चिल ह्यांनी आपल्या संसदेत खुलासा केला, की हे कलम मुख्यतः हिटलरच्या टाचेखाली आलेल्या युरोपातील देशांना उद्देशून आहे. भारताचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. वचन साऱ्या जगाला दिले होते, पण पाळावयाची वेळ येताच त्यास अपवाद निघाला!

असा अपवाद इतिहासात पहिलाच नव्हता. १७७६ साली अमेरिकेने इंग्लंडचे जू झुगारले, तेव्हा सर्व माणसे जन्मतः समान आहेत, अशी थोर घोषणा केली. तथापि त्याच अमेरिकेत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे व त्यांची मुलेबाळे बाजारात विकली जात होती. १८६० पर्यंत ह्या गुलामांची संख्या सुमारे ४० लाख झाली. घोषणा आणि व्यवहार ह्यांमधील ही दरी अखेर रक्ताने भरली गेली. गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली आणि १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला. सहा लाखांहून अधिक सैनिक प्राणांस मुकले. अध्यक्ष लिंकन ह्यांनी १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि १८६५ अखेर घटनेत दुरुस्ती होऊन त्या देशातून गुलामगिरी कायद्याने हद्दपार झाली. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले ह्यांनी ह्या घटनेचे मोल तत्काळ ओळखले. १८७३ साली प्रसिद्ध झालेला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केला. दूर देशीच्या गुलामाची बेडी आणि आपल्या घरच्या शूद्रातिशूद्रांची बेडी एकाच धातूची आहे, हे त्यांनी जाणले होते.

आता १९४२ कडे वळू. त्या वर्षी जपानी सैन्याने सिंगापूर व रंगून घेतले. युद्ध भारताच्या सीमेवर येऊन ठेपले. ८ ऑगस्टच्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने ‘छोडो भारत’ चा ठराव संमत केला. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच महात्मा गांधी व इतर पुढारी पकडले गेले. देशाला वाट दाखविणारे सारे तुरुंगात गेल्यामुळे प्रत्येक गाव आपल्या परीने आपली वाट शोधू लागला.

त्या श्रावणात संत तुकडोजी महाराजांचा मुक्काम चिमुरास होता. ह्या परिसरातील वनांत त्यांनी पूर्वी तपश्चर्या केली असल्यामुळे लोकांना ते घरच्यासारखेच वाटत. हातातील खंजिरीच्या ठेक्यावर ते भजने म्हणू लागले, की हजारोंचा समुदाय तल्लीन होई. परमेश्वराच्या भक्तीबरोबरच देशाच्या भक्तीचा बोधही त्या भजनांतून होत असे. त्या स्वरांनी चिमूरकरांची मने भारून गेली होती.

१६ ऑगस्ट हा नागपंचमीचा दिवस. सणाच्या दिवशी सकाळीच तिरंगी ध्वज घेऊन लोकांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी ती अडविली. लाठ्या चालल्या, मग गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा अवघ्या सोळा वर्षांचा मुलगा गोळी लागून धारातीर्थी पडला. त्याचे कोवळे कलेवर पाहून जमावाचा संयम सुटला. डाकबंगल्यास आग लावण्यात आली आणि त्या दिवसाच्या खळबळीत चार सरकारी नोकर जमावाच्या हातून मारले गेले. त्यांत उपविभागीय दंडाधिकाऱ्यासारखा वरिष्ठ अधिकारी होता, तसा एक साधा शिपाईही होता. तेही भारतीयच होते. त्यांच्याही घरी त्यांची वाट पाहणारी माणसे होती. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही पोलीस व जमाव ह्यांच्यात असाच रक्तपात झाला. चिमूरच्या शौर्याचे वर्णन करताना ही गोष्ट झाकून ठेवणे उचित नव्हे. कारण जो न्याय आपण आपल्यासाठी मागतो, तोच दुसऱ्यालाही लागू केला पाहिजे.

लोकांनी झाडे पाडून रस्ते अडविले, पूल मोडले. तीन दिवस चिमुरात परक्या सरकारची सत्ता चालली नाही. १९ ऑगस्टला गोरे सैनिक व पोलीस गावात शिरले. शेकडो लोकांची धरपकड झाली. साऱ्या गावावर सामूहिक दंड बसविण्यात आला. घरातील कर्ते पुरुष कोठडीत अथवा रानोमाळ. मागे राहिल्या त्या स्त्रिया, वृद्ध व मुले. ह्या निराधार अवस्थेत सैनिकांनी घरे लुटली आणि स्त्रियांवर अत्याचार केले. ज्यांनी कोणताही अपराध केला नव्हता, त्यांना सर्वांत कठोर शिक्षा भोगावी लागली. जमावाचा राग आंधळा असतो. परंतु कायद्याचा रक्षक म्हणविणाऱ्याने सूडाने आंधळे व्हावे, ह्याहून शोचनीय ते काय?

ह्या साऱ्या प्रकाराची वार्ता बाहेर फुटू नये म्हणून सरकारने वृत्तपत्रांवर निर्बंध घातले. तथापि सत्य फार काळ कोंडून ठेवता येत नाही. नागपूरच्या रमाबाई तांबे व त्यांच्या सहकारी स्त्रिया चिमुरास गेल्या. घरोघरी जाऊन त्यांनी तेथील भगिनींच्या तोंडून त्यांची हकिगत ऐकली. लाजेने व भयाने मिटलेली तोंडे आपल्यासारख्याच स्त्रियांपुढे उघडली. प्रकरणाची चौकशी करावी, अशी मागणी झाली. सरकारने ती मानली नाही.

ही हकिगत सेवाग्रामच्या आश्रमात प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी ह्यांच्या कानी पडली. भणसाळी हे विरक्त वृत्तीचे साधक होते. त्यांनी अनेक वर्षे मौन पाळले होते. चिमूरमध्ये त्यांचे कोणी नातेवाईक नव्हते. तरीही तेथील स्त्रियांचा अपमान त्यांना आपल्या आईबहिणींचा अपमान वाटला. ते दिल्लीस गेले. तेथे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात विदर्भाचे वयोवृद्ध पुढारी बापूजी अणे हे सभासद होते. त्यांनी चिमुरास जाऊन सत्य पाहावे, असा भणसाळींचा आग्रह होता. तो सफल झाला नाही, तेव्हा त्यांनी तेथेच उपवास आरंभिला. पोलिसांनी त्यांना उचलून सेवाग्रामला आणून सोडले. ते पायीच चिमूरकडे निघाले. त्यांना पुन्हा अडविण्यात आले. अखेर ११ नोव्हेंबर १९४२ पासून त्यांनी सेवाग्रामला उपवास सुरू ठेवला.

दिवसांमागून दिवस गेले. देह झिजत चालला, निश्चय मात्र तसूभरही ढळला नाही. उपवासाच्या बातम्या छापण्यासही सरकारने बंदी केली. ह्याचा निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपले अंक काढले नाहीत. त्या दिवशी न निघालेल्या अंकांनी छापील अंकांहूनही अधिक सांगितले! अखेर मध्यस्थांच्या प्रयत्नांनी समेट झाला. चिमूरच्या बातम्यांवरील बंदी उठली आणि १२ जानेवारी रोजी, ६३ व्या दिवशी, भणसाळींनी उपवास सोडला. मागितली होती तशी चौकशी झाली नाही. परंतु जे मुकाट्याने पुरले जावयाचे होते, ते साऱ्या देशाला कळले. एका निःशस्त्र माणसाने कोणाच्याही अंगास बोट न लावता हे साधले होते.

इकडे चिमूर व आष्टी येथील खटल्यांत अनेकांना फाशीच्या व जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. कैद्यांचे प्राण वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे ह्यांनी अविश्रांत खटपट केली. अर्ज, भेटी, वकिलांचा सल्ला, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागणे, असे सर्व उपाय त्यांनी व इतरांनी केले. १९४५ साली, महायुद्ध संपत आले असता, फाशीच्या छायेत उरलेल्या कैद्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली. दोन वर्षांनी देश स्वतंत्र झाला.

महायुद्धाच्या होळीतून बाहेर पडलेल्या जगाने पुन्हा एकदा वचन लिहावयास घेतले. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या इंग्रजी मसुद्यातील पहिल्या कलमात एक असा शब्द होता, की त्याचा अर्थ ‘माणसे’ असा होई, तसाच ‘पुरुष’ असाही होई. १७७६ च्या अमेरिकेच्या घोषणेतही तोच शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता ह्यांनी त्यास हरकत घेतली. त्यांच्या आग्रहामुळे ‘सर्व मानव’ अशा अर्थाचे शब्द तेथे आले. शब्दातूनच अपवादाला वाट मिळते, हे त्यांनी ओळखले होते. १९५० साली अमलात आलेल्या भारताच्या संविधानानेही कायद्यापुढे सर्व समान मानले, अस्पृश्यता नष्ट केली आणि माणसांचा व्यापार व वेठबिगारी ह्यांना बंदी केली.

चिमूरकर दर वर्षी १६ ऑगस्टला आपल्या हुतात्म्यांचे स्मरण करतात. त्या दिवशी बालाजी रायपूरकरचे नाव घेताना अभिमान वाटावा, हे योग्यच होय. पण स्मरण तेवढ्यावर थांबू नये. स्वातंत्र्य, समता, न्याय हे शब्द उच्चारणे सोपे आहे. ते खरे किंवा खोटे, हे राजधानीतील सभागृहात ठरत नाही. जे गाव दूर आहे, जी स्त्री एकटी आहे, ज्याचा आवाज कोणी ऐकत नाही, त्याच्या दारी ते शब्द पोहोचले की नाही, ह्यावर त्यांची पारख होते. बलाढ्य साम्राज्य ह्या कसोटीस उतरले नाही. स्वतंत्र देशातील प्रत्येक पिढीला ती पुन्हा नव्याने द्यावी लागते.

स्वाध्याय

१. अटलांटिक सनदेतील वचनास कोणता अपवाद निघाला? भारतीयांना त्याचे दुःख का झाले?

२. महात्मा फुले ह्यांनी आपला ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांस का अर्पण केला असावा?

३. भणसाळींचे चिमुरात कोणीही नातेवाईक नव्हते. तरी त्यांनी उपवास का केला?

४. ‘जो न्याय आपण आपल्यासाठी मागतो, तोच दुसऱ्यालाही लागू केला पाहिजे.’ पाठातील प्रसंगांच्या आधारे हे वाक्य स्पष्ट करा. आपल्या शाळेतील अथवा गावातील एखादे उदाहरण द्या.

५. पुढील शब्द वाक्यांत योजा : गिळंकृत करणे, धारातीर्थी पडणे, तसूभरही न ढळणे, कसोटीस उतरणे.