पावसाचं हस्तलिखित

पाठचिकित्सा शिकताना एक गोष्ट मनात ठसली: एकाच हस्तलिखितावर विसंबायचं नाही. प्राचीन पाऊस वाचणारे शास्त्रज्ञही हेच करतात.

मेघालयातल्या मावम्लूह गुहेत पाणी ठिबकून चुन्याचे थर साचतात. पावसातल्या ऑक्सिजनचे हलके-जड प्रकार त्या थरांत नोंदले जातात. साधारणपणे, पावसाळा जोरदार असला की हलक्याचं प्रमाण वाढतं. थराचं वय युरेनियम-थोरियमवरून काढतात. इथल्याच एका थरात सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पावसाळा दुबळा झाल्याची खूण सापडली. २०१८ मध्ये 'मेघालयन' कालखंडाला मान्यता मिळाली, ती हाच थर प्रमाण धरून.

आणि वारा? नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले, की ओमानच्या किनाऱ्यालगत खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं. त्यात 'ग्लोबिजेरिना बुलॉइड्स' हा सूक्ष्म जीव फोफावतो. मेल्यावर त्याची कवचं तळाच्या गाळात साठतात. कवचं जास्त, म्हणजे वारा जोराचा.

पण खूण म्हणजे प्रत्यक्ष पाऊस नव्हे. ढगांतली वाफ कुठून आली, यानेही ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं. म्हणून गुहेची साक्ष समुद्राच्या साक्षीशी ताडून बघावी लागते.

हे कळल्यापासून, 'असा पाऊस कधीच पडला नव्हता' असं लिहिताना माझा हात थांबतो.